हजेरी पाच

शनिवार. मेचा दुसरा. हजेरी पाच.
चिपळूणहून पहाटे साडेतीनला निघालो,
परकारांची जीप, टपावर काठ्या,
मागच्या सीटवर मी, मांडीवर क्लबची नोंदवही.
घागांचा चहा सावर्ड्यालाच संपला.

वहीत रकाने आहेत:
हवा, पाण्याची पातळी, पाण्याचा रंग,
कुणी कुठली माशी वापरली,
किती धरले, किती सोडले.
आम्ही सगळे सोडतो. नियम आहे.

माशी म्हणजे आम्ही बांधलेली.
हुकाला रेशीम, रेशमात कोंबड्याच्या मानेचं पीस,
वर चिमटीभर लाख.
लहानपणी मला वाटायचं, माशी ही माशाची बायको.
ओगले डेंटिस्ट म्हणतात, अजून तसंच समजून बांधतोस,
म्हणून तुझ्या माश्या नटलेल्या दिसतात.

साकवाखाली उतरलो.
नदी नव्हती. नदीचं सामान होतं:
गोटे, गोट्यांवर वाळलेलं शेवाळ,
करंजाच्या फांदीत माझ्या डोक्याच्याही वर
मागच्या जुलैने अडकवलेलं गवत.
नवा मेंबर शार्दूल छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून उभा होता.
कोणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

परकार चालत गेले वरच्या कोंडीपर्यंत.
जिथे गेल्या वर्षी माझी अख्खी दोरी तळाला पुरली नव्हती
तिथे आता खाटेएवढं डबकं,
आणि त्यात, पाठीला पाठ लावून, खडशी.
वीस असतील. तीस.
खवले पाण्याबाहेर, हाताने उचलावेत असे.

घागांनी काठी जोडली होती, ती सोडवायला लागले.
इतका वेळ लागला त्यांना ते तीन सांधे सोडवायला.

तेवढ्यात वाडीवरून अनुसया गोताड आल्या,
दोन हंडे, एक करवंटी.
वाळूत खणलेल्या झिऱ्याशी बसल्या.
करवंटीभर यायला लागतं तेवढा वेळ बसायचं,
ओतायचं, पुन्हा बसायचं.
टँकर? मंगळवारी येणार होता. कुठल्या, ते नाही सांगितलं.

"ह्यांना धरायला आलात?"
धरतो आणि सोडतो, मी म्हणालो.
"मंग धरता कशाला?"
अकरा वर्षांत वार्षिक सभेत हा प्रश्न
कुणी विषयपत्रिकेवर घेतलेला नाही.
ओगल्यांनी टोपी काढली, परत घातली.

माझ्या टोपीवरची माशी त्यांनी जवळून पाहिली.
"हा तांबडा कोंबडा कुणाचा?"
देवरुखच्या बाजारातला.
"मान बरी होती त्याची," म्हणाल्या,
आणि पुन्हा झिऱ्याकडे.

हंडे भरायला पावणेदोन तास.
शार्दूलने त्या बुटांसकट दोन्ही हंडे चढणीवर नेले,
धापा टाकत, फचक फचक घामाने.
जाण्याआधी त्यांनी शेवटची करवंटी
हंड्यात नाही, डबक्यात ओतली.
मी बघतोय हे बघून म्हणाल्या,
"मेले तर घाण कोण काढील? वास थेट घरात येतो."
एक खडशी वळली तेवढ्या पाण्याकडे.
तोंड उघडलं, मिटलं.

मग आम्ही काय केलं ते लिहितो, कारण लिहायचं असतं.
पाचही जणांच्या बाटल्या. जीपमधला वीस लिटरचा कॅन.
परकारांनी रेडिएटरचं राखीवही आणलं,
घाग म्हणाले, ते नको, त्यात औषध असतं.
पाणी बोटभर वाढलं असेल. कदाचित तेवढंही नाही.
करंजाच्या फांद्या तोडून सावली घातली.
परतताना तहान लागली तेव्हा
कुणी कुणाकडे बघितलं नाही.

सावर्ड्याच्या टपरीवर वही उघडली.
हवा: कोरडी, वारा नाही.
पाण्याचा रंग: चहासारखा.
माशी: तांबडी, टोपीवर.
धरले: शून्य.
"सोडले" ह्या रकान्यापाशी पेन थांबलं.
शार्दूल बूट उलटे करून त्यातला घाम ओतत होता रस्त्यावर,
आणि टपरीवाल्याचं कुत्रं
जिभेने ते चाटून पाहत होतं.